अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात अधूनमधून ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनांची चौकट येते. मी ती कातरून जुन्या डायरीत चिकटवून ठेवतो. एसटीत वाहक म्हणून नोकरी केली, विटा आगारातून २००९ साली निवृत्त झालो. कागद जपायची आणि हिशेब जुळवायची सवय तेव्हाची. त्या चौकटींतल्या दोन-तीन योजनांचा लाभ आम्हा नवरा-बायकोला मिळालेला आहे, हे आधी सांगतो. नाहीतर म्हातारं उगाच कुरकुरतंय असं वाटायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. तीळ भाजत होती. उलथनं हातातून पडलं, ते उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांगलीला अकरा दिवस दवाखान्यात होती. महिनाभर आधी, डिसेंबरात, शेजारच्या पोरानं तिचं आधार कार्ड घेऊन ७० वर्षांवरच्यांचं ते वय वंदना कार्ड काढून दिलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात ही योजना सुरू झाली, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. खरं सांगतो, त्या कार्डानं आम्हाला तारलं. खाट, तपासण्या, औषधं, कशालाच खिशात हात घालावा लागला नाही. सोडताना पंधरा दिवसांच्या गोळ्याही त्यातूनच मिळाल्या.

बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आमचं काम झालं. आता घरी न्या आणि सेवा करा."

माझं पत्र या वाक्यापासून सुरू होतं, कारण सरकारच्या योजना बहुतेक या वाक्यापाशी संपतात.

सेवा म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सकाळी अंग पुसायचं, पाठ कोरडी करायची, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का ते बघायचं. डायपर बदलायचा. भरवताना डोकं वर धरायचं, घोट गिळला का ते गळ्याकडं बघून ओळखायचं, ठसका लागला तर थांबायचं. वाळत चाललेल्या हाताची बोटं एकेक करून उघडायची. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी कुटून द्यायची. आणि तिला काय पाहिजे ते ओळखायचं. आता तिला दोनच शब्द येतात, "असू दे". चहा पाहिजे का? असू दे. दुखतंय का? असू दे. पंखा लावू? असू दे. सूर ऐकून मी हो की नाही ते ठरवतो आणि निम्म्या वेळा चुकतो.

मी ७५ वर्षांचा आहे. २०१६ साली हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. पत्नीचं वजन आता ५२ किलो आहे. आधी ६० होतं.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, सूनही तिथंच नोकरी करते. दोघांच्या पगारावर घराचा हप्ता चालतो. मुलगी कोल्हापूरला तिच्या संसारात, सासूचं तीच करते. लोक घरी भेटायला येतात, पाच मिनिटं बसतात आणि हमखास विचारतात, "सून न्हाई का येत करायला?" या प्रश्नाचा मला आता राग येतो. आपल्याकडं म्हाताऱ्यांच्या घरच्या सेवेची एकच योजना आजवर चालली, ती म्हणजे सून. तिला पगार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही. आणि ती नोकरीला गेली की योजना बंद. माझ्या आईचं माझ्या बायकोनं सहा वर्षं केलं. मी तेव्हा मुक्कामाच्या गाडीवर असायचो. आई शेवटी शेवटी अंथरुणातच सगळं करायची, हे मला माहीत होतं. पण त्याला दिवसाचे किती तास लागतात, हे आत्ता कळलं.

माझ्या वहीतला महिन्याचा हिशेब देतो. सकाळी दोन तास येणाऱ्या मावशी, ४,५०० रुपये. डायपर १,९०० (२२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, थोडा फरक पडला, नोंद केली आहे). गोळ्या १,६५०. हातमोजे, पावडर, मलम, प्लास्टिकची चादर वगैरे ६००. एकूण ८,६५०. माझी भविष्य निर्वाह निधीची पेन्शन २,३४० रुपये. एसटीवाल्यांना सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. उरलेली रक्कम मुलगा पाठवतो, आणि त्याचा आवाज फोनवर दर महिन्याला थोडा थकलेला वाटतो.

आता योजनांकडं येतो. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरच्यांना महिना १,५०० रुपये मिळतात. अट अशी की वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. माझी २,३४० ची पेन्शन गुणिले बारा म्हणजे २८,०८०. ७,०८० रुपयांनी आम्ही श्रीमंत ठरलो. वयोश्री योजनेतून मात्र ३,००० रुपये एकदा खात्यावर आले, त्यातून मी कमोडची खुर्ची आणली. ती रोज वापरात आहे, त्याबद्दल आभार. ७५ पूर्ण झाल्यावर एसटीचा प्रवासही मला मोफत झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, आता माझं शून्य रुपयांचं फाडतात, गंमत वाटते. पण तेव्हापासून मी त्या सवलतीत तीनदाच बसलोय. घरातून निघायचं तर हिच्यापाशी कोण थांबणार?

ह्या सगळ्या अर्जांवर मी एक गोष्ट पाहिली. प्रत्येकात वय विचारतात आणि उत्पन्न विचारतात. सही कुठं, फोटो कुठं, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं, सगळं असतं. पण "अर्जदाराला अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का?" असा रकाना मला एकाही अर्जावर दिसला नाही. खाटेवरून उठता येतं का, संडासला जाता येतं का, हाताने जेवता येतं का? ७० वर्षांचा एखादा गडी डोंगर चढतो आणि दुसरा कूस बदलू शकत नाही. सरकारच्या लेखी दोघंही एकच, "ज्येष्ठ नागरिक".

जपानबद्दल मी वाचनालयात वाचलं होतं. तिथं २००० सालापासून कायदाच आहे. चाळीशी उलटली की प्रत्येकानं हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. माणूस परावलंबी झाला की नगरपालिकेकडून कुणीतरी घरी येऊन बघतं, काय जमतं आणि काय जमत नाही. त्यावरून सात पायऱ्यांतली एक ठरते, आणि त्या पायरीप्रमाणं घरी येणारी मदतनीस, अंघोळ घालणारे, नर्स मिळतात. साधारण दहावा हिस्सा घरच्यांनी द्यायचा, ज्यांची कमाई जास्त त्यांनी जास्त. हे करण्याआधी तिथंही सगळा भार सुनेवर आणि लेकीवरच होता म्हणे. जपान श्रीमंत देश आहे, आपल्याला ते सगळं झेपणार नाही, हे मला समजतं. पण घरी येऊन विचारायचा तो प्रश्न फुकट आहे. त्याला कुठं यंत्र लागतं?

जपान लांब राहिलं, केरळचं सांगतो. आमच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. माझा एक भाचा कोझिकोडच्या बाजूला सोनं गाळायचं दुकान चालवतो. त्याच्या घरमालकाची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, हितं पंचायतीची नर्स गाडी घिऊन दारात येतीया. संगं आशाताई. जखम धुती, लघवीची नळी बदलती, घरच्या बायकांना शिकवून जाती. पैसं घेत न्हाईत." मला आधी थाप वाटली. चौकशी केली तर खरंच आहे. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात १९९३ साली वेदनाशमनाचं एक छोटं केंद्र निघालं, लोकांनी ते गावोगाव नेलं, आणि २००८ साली राज्य सरकारनं त्याचं धोरणच केलं. आता पंचायती आपल्या अंदाजपत्रकात त्याला पैसे ठेवतात. म्हणजे गटार, दिवाबत्ती आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, तिन्ही गावाचीच कामं.

तिथंही सगळं गोड आहे असं नाही. ती नर्स काही रोज येत नाही, आणि रोजची अंघोळ घालायला तर नाहीच येत. पण पंधरा दिवसांनी, महिन्यानं, कुणीतरी शिकलेलं माणूस पाठ उघडून बघून जातं. ते किती मोलाचं असतं, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

त्याचं असं झालं. पहिल्या मावशी फेब्रुवारीपासून येत होत्या. त्या स्वतः ६१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. मे अखेरीस त्यांनी हात जोडले, "दादा, आता मला न्हाई झेपत." दुसरं कुणी मिळेना. सांगलीच्या एका ब्यूरोला फोन केला तर बारा तासांच्या बाईचे महिना १८,०००, शिवाय जेवण, शिवाय नोंदणीचे ३,०००. मी विचारलं, बाईंनी याचं काही शिक्षण घेतलंय का? समोरच्या मुलीनं सांगितलं, "अनुभव आहे ना काका." कसला अनुभव, किती, कुणी तपासला, काही नाही. घरी सेवा देणाऱ्या अशा संस्थांची नोंदणी सक्तीची करायचं एक विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच बारगळलं. त्यामुळं रिक्षाला परमिट लागतं, वडापाव विकायला परवाना लागतो, आणि माणसाला उचलायला काहीच लागत नाही.

जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट मी एकट्यानं केलं. दिवसा जमायचं. रात्री दोनच्या पुढं माझा डोळा लागायचा आणि पाचला उघडायचा. तीन तास ती एकाच कुशीवर. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा काळा डाग दिसला. मी त्यावर खोबरेल तेल लावत बसलो. चार दिवसांत तिथं खड्डा झाला, वास यायला लागला. पुन्हा सांगली, पुन्हा खाट, नऊ दिवस. सडलेला भाग काढला. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर." आधी मला कळायला तरी पाहिजे होतं, की तेल लावायचं नसतं आणि काळा डाग म्हणजे आतून सडायला लागलेलं असतं.

खर्च पुन्हा कार्डावर झाला. मोबाईलवर आलेल्या संदेशातला आकडा मावशींच्या आठ महिन्यांच्या पगाराहून मोठा होता. आता वाहकाचा हिशेब बघा. पाठ सडल्यावर सरकार एवढे पैसे भरतं. पाठ सडू नये म्हणून रोज दोन तास येणाऱ्या बाईला मात्र एक रुपया देत नाही. वर्षाचे पाच लाख म्हणजे ४,५०० च्या हिशेबानं मावशींचा नऊ वर्षांचा पगार. पाच लाख काही रोख मिळत नाहीत, ती विम्याची मर्यादा आहे, हे मला कळतं. तरी गणित डोक्यातून जात नाही.

बरं, घरी येण्याची सोय कागदावर नाही असंही नाही. केंद्राचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात लिहिलंय की प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पुनर्वसन कार्यकर्त्यानं जाऊन घरच्यांना शिकवायचं. उपकेंद्राच्या पातळीवरही घरात अडकलेल्या वृद्धांकडं लक्ष द्यायचं, असं म्हटलंय. मी एका सरकारी दवाखान्यात हे विचारायला गेलो. तिथले साहेब हसले नाहीत, टाळलंही नाही. म्हणाले, "आजोबा, तुमचं बरोबर आहे, पण माणूस कुठाय?" झटक्यानंतरचे पहिले तीन महिने हातपाय परत यायला सगळ्यात महत्त्वाचे असतात, असं फिजिओथेरपीवाल्यानं मला सांगितलं होतं. तो घरी यायचा, एका वेळेचे ४०० रुपये. बावीस वेळा आला, तेविसाव्याला मी त्याला नको म्हणालो. तिचा पाय थोडा आला, हात राहिला. त्या बावीस फेऱ्या मी वहीत वेगळ्या पानावर लिहिल्यात. ते पान मी उघडत नाही.

आमच्या वॉर्डातल्या आशाताई तेवढ्या येतात. त्यांच्या यादीत गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण असं ढीगभर काम. तरी जाता-येता डोकावतात, बीपी बघतात. ते त्यांच्या चांगुलपणात मोडतं, योजनेत नाही.

सरकार घरातल्या सेवेला पैसे देतच नाही, असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. सांगली-सातारा म्हणजे सैनिकांचा मुलूख. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला, सतत माणूस लागत असेल तर, मदतनिसाचा भत्ता मिळतो. जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० केला. अगदी रास्त आहे, वाढवला तरी माझी ना नाही. मला त्यातलं एवढंच दाखवायचंय की माणूस अंथरुणाला खिळला की त्याला दुसरं माणूस लागतं आणि त्या दुसऱ्या माणसाला पगार लागतो, हे सरकारला ठाऊक आहे. ठरवलेलं आहे, लिहिलेलं आहे, पैसेही जातायत. फक्त ते शेतात, गिरणीत, एसटीत आणि चुलीपुढं राबलेल्यांपर्यंत आलेलं नाही.

मी धोरण लिहिणारा माणूस नाही. पण आमच्या गल्लीत पन्नाशीच्या पुढच्या, नवरा गेलेल्या, द्राक्षाच्या बागेत आता न झेपणाऱ्या चार बायका आहेत. त्यांना ग्रामीण रुग्णालयात महिनाभर नीट शिकवा. कूस कशी बदलायची, कंबर न मोडता कसं उचलायचं, भरवायचं कसं, पाठीवर काय बघायचं. उपकेंद्राच्या सिस्टरची त्यांच्यावर देखरेख ठेवा. आणि घरी येऊन तो अंघोळीचा प्रश्न विचारून ज्याला गरज आहे त्याच्या घरी रोज दोन तास पाठवा. निम्मे पैसे सरकारनं द्यावेत, निम्मे आम्ही देऊ. मी फुकट मागत नाही. रोख भत्ता देऊन मोकळं होऊ नका, एवढीच विनंती. पैसे आले तरी माणूस मिळत नाही, हे मी अडीच महिने भोगलंय. आणि रोख रक्कम कुणाच्या हातात जाते, हेही मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

शेवटी फेब्रुवारीतली एक रात्र सांगतो. तीन वाजून दहा मिनिटांनी तिला कमोडच्या खुर्चीवर घ्यायला उचललं आणि माझा पाय घसरला. दोघंही खाली. लागलं नाही कुणालाच, हळूच बसल्यासारखे बसलो. पण मला तिला वर घेता येईना, आणि तिला सोडून उठलो तर ती कलंडायची. फोन खाटेच्या पलीकडं चार्जिंगला. ओरडलो असतो तर शेजारी आले असते, पण त्यांच्या पोरीची बारावीची परीक्षा चालू होती, नुकताच तिच्या खोलीतला दिवा गेलेला. म्हणून गप्प बसलो. गोधडी ओढून दोघांच्या अंगावर घेतली. खाटेला पाठ टेकून आम्ही अडीच तास बसलो होतो. मी तिला मुक्कामाच्या गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या, कुठल्या गावात कोण जेवायला घालायचं ते. पाच चाळीसला दूधवाला आला, त्यानं कडी वाजवली, मी आतून सांगितलं की दार लोटून आत ये. त्यानं आणि त्याच्या पोरानं तिला उचललं. दोन मिनिटांचं काम होतं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
खानापूर तालुका, जि. सांगली

ता. क. हे पत्र तीन दिवस लिहीत होतो. आज सकाळी आताच्या मावशींनी सांगितलं की दुसऱ्या एका घरून त्यांना जास्त पैसे देतायत. मी ५,००० कबूल केले. तेव्हा वर ४,५०० जिथं आहे तिथं ५,००० आणि एकूण ९,१५० असं वाचावं. नऊ वर्षांची आता आठ वर्षं आणि चार महिने होतात.